अँथनी जॉन्सनच्या माथी गुलामगिरी मारण्याआधी त्याच्या तीन पिढ्या वाचा

“अमेरिकेतला पहिला गुलाममालक गोरा नव्हता, काळा होता!” या ठसठशीत मथळ्याचा मजकूर फेसबुकवर आणि व्हॉट्सॲपवर बरीच वर्षं फिरतोय. आधी इंग्रजीत होता, मग कुणीतरी मराठीत आणला. अमेरिकेत वर्णद्वेषावरून काही घडलं, की दोन-तीन दिवसांत तो कुठल्या ना कुठल्या कौटुंबिक ग्रुपवर येऊन पडतोच.

मजकूर थोडक्यात असा. अँथनी जॉन्सन नावाचा आफ्रिकी माणूस १६२१ साली करारबद्ध नोकर म्हणून व्हर्जिनियात आला. करार संपवून सुटला, जमीन मिळवली, तंबाखूचा मळेवाला झाला, पाच गुलाम बाळगले. १६५५ साली कोर्टात जाऊन जॉन कॅसर या नोकराला त्याने आजन्म गुलाम ठरवून घेतलं. त्याआधी अमेरिकेत गुलामगिरी नव्हतीच, सगळे सात वर्षं राबून मोकळे होत. थोडक्यात, गुलामगिरी काळ्यांनीच सुरू केली. आणि शेवटी ठरलेली ओळ: हे तुम्हाला शाळेत शिकवणार नाहीत.

माणूस खरा आहे, खटलाही खरा आहे, म्हणून तर हा मजकूर पचनी पडतो. निव्वळ थाप असती तर एका ओळीत उडवली असती. इथे कागद काढून बसावं लागतं.

फोटोचं आधी उरकून घेऊ. मजकुरासोबत कोट घातलेल्या एका कृष्णवर्णीय गृहस्थाचं छायाचित्र असतं. जॉन्सन वारला १६७० साली. छायाचित्रणाचं तंत्र जगापुढे आलं १८३९ साली. त्या गृहस्थांचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नाही.

“त्याआधी अमेरिकेत गुलामगिरी नव्हतीच”

सगळ्या मजकुराचा डोलारा या एका वाक्यावर उभा आहे, आणि नेमकं हेच वाक्य सपशेल खोटं आहे.

‘अमेरिका’ म्हणजे आजच्या अमेरिकेची भूमी धरली, तर स्पॅनिश लोकांनी १५२६ साली अटलांटिक किनाऱ्यावर वसवलेल्या, काही महिन्यांतच मोडलेल्या वसाहतीत आफ्रिकी गुलाम होते. फ्लोरिडात १५६५ साली वसलेल्या सेंट ऑगस्टीनमध्येही होते. पण स्पॅनिशांचं सोडा, कारण मजकूरवाल्यांच्या डोळ्यांपुढे इंग्रजांची व्हर्जिनिया आहे. तिथेच जाऊ.

१६१९ च्या ऑगस्टअखेरीस ‘व्हाइट लायन’ नावाचं जहाज व्हर्जिनियाच्या पॉइंट कम्फर्टला लागलं. त्यावर वीसेक आफ्रिकी माणसं होती. अंगोलातल्या लुआंडाहून मेक्सिकोकडे निघालेल्या एका पोर्तुगीज गुलामवाहू जहाजावरून ती लुटून आणलेली होती, आणि अन्नसामग्रीच्या बदल्यात ती विकली गेली. घेणाऱ्यांत खुद्द गव्हर्नर जॉर्ज यार्डली होता. या माणसांनी लंडनच्या धक्क्यावर कुठल्या करारावर अंगठा उठवलेला नव्हता. त्या पहिल्या काळात त्यांचा कायदेशीर दर्जा नेमका काय होता, यावर इतिहासकारांत वाद आहे आणि तो रास्त आहे, कारण गुलामगिरीचा लेखी कायदा व्हर्जिनियात तेव्हा नव्हता. पण कायदा नव्हता म्हणून व्यवहार नव्हता, असं होत नाही.

आता १६४० साल घ्या. ह्यू ग्विन नावाच्या मळेवाल्याचे तीन नोकर मेरिलँडला पळाले आणि पकडले गेले. एक डच, एक स्कॉटिश, तिसरा जॉन पंच नावाचा आफ्रिकी. तिघांचा गुन्हा एकच, तिघांना फटकेही सारखेच, तीस-तीस. पुढे मात्र निकाल फुटतो. दोघा गोऱ्यांची मुदत वाढली: एक वर्ष मालकाकडे आणि नंतर तीन वर्षं वसाहतीच्या कामावर. जॉन पंचने मात्र मालकाची किंवा मालक सांगेल त्याची चाकरी ‘नैसर्गिक आयुष्य असेपर्यंत’ करायची, इथे किंवा अन्यत्र. तारीख ९ जुलै १६४०, कोर्ट व्हर्जिनियाचं सर्वोच्च. जॉन्सनचा खटला याच्यानंतर जवळजवळ पंधरा वर्षांनी उभा राहिला.

पंचचं प्रकरण म्हणजे गुन्ह्याची शिक्षा होती, कॅसरचा कुठलाही गुन्हा नव्हता, हा फरक काही जण दाखवतात. फरक खरा आहे आणि तो मान्य करायला हवा. म्हणून आणखी एक कागद बघा. हा तर जॉन्सनच्याच तालुक्यातला, नॉर्थॅम्प्टन काउंटीतला आहे. १६५२ साली विल्यम व्हिटिंग्टनने जॉन पॉटला एक मुलगी विकली. नाव जोवान, वय सुमारे दहा वर्षं. विक्रीखतात नुसती मुलगी नाही. तिला पुढे जी मुलं होतील तीही त्यातच आली, त्यांच्या हयातीपर्यंत, आणि घेणाऱ्याच्या वारसांकडे कायमची. दहा वर्षांच्या पोरीची न जन्मलेली लेकरं विकून झाली होती. यात शिक्षा नाही की करार नाही. खरेदी-विक्री आहे, ती कोर्टाच्या वहीत नोंदलेली आहे, आणि दोन्ही बाजूंना इंग्रज आहेत. जॉन्सन तेव्हा त्याच काउंटीत स्वतःची तंबाखू लावत होता.

व्हर्जिनियाबाहेर बघायचं तर बार्बाडोसच्या गव्हर्नरने १६३६ सालीच ठराव केला होता की विक्रीसाठी आणलेले आफ्रिकी आणि मूळ रहिवासी, आधी वेगळा करार नसेल तर, आजन्म चाकरी करतील. मॅसॅच्युसेट्सने १६४१ साली आपल्या कायदेसंहितेतच गुलामगिरीला जागा करून दिली. ‘पहिला’ शोधायचाच असेल तर रांग लांब आहे, आणि जॉन्सन तिच्या तोंडाशी कुठेच नाही.

“करारावर आला, करार संपवून सुटला”

जॉन्सनचा करार आजवर कुणाला सापडलेला नाही. नोंदीत तो पहिल्यांदा भेटतो तो ‘अँटोनियो, एक नीग्रो’ म्हणून: १६२१ साली ‘जेम्स’ जहाजाने आलेला, जेम्स नदीकाठच्या बेनेट यांच्या मळ्यावर कामाला. तो आणि त्याची बायको नेमके कसे आणि कधी मोकळे झाले, याचाही कागद नाही. १६५० च्या सुमारास ती दोघं स्वतंत्र आणि जमीनदार दिसतात, एवढंच ठामपणे म्हणता येतं. मधली सगळी जागा मजकूर लिहिणाऱ्याने आपल्या मनाने भरली आहे, कारण ‘त्या काळी सगळे करारावरच होते’ हे सिद्ध करायला त्याला ती हवी होती.

“त्याच्याकडे पाच गुलाम होते”

हा आकडा कुठून आला ते गमतीशीर आहे.

व्हर्जिनियात १६१८ पासून एक पद्धत होती. तुम्ही आपल्या खर्चाने एक माणूस वसाहतीत आणलात, की माणशी ५० एकर जमीन. जुलै १६५१ मध्ये जॉन्सनला पुंगोटीग खाडीवर २५० एकर मिळाले, म्हणजे पाच माणसांच्या हिशेबाने. हेच ते ‘पाच गुलाम’.

सनदेवरची नावंच वाचा: थॉमस बेम्ब्रोज, पीटर बगबी, अँथनी क्रिप्स, जॉन गेसोरोरो, रिचर्ड जॉन्सन. पहिली तीन सरळसरळ इंग्रजी वळणाची. चौथा बहुधा आपला जॉन कॅसर, कारकुनाने कानावर पडलं तसं लिहिलेला. आणि पाचवा रिचर्ड जॉन्सन कोण? अँथनीचा मुलगा! मजकूरवाल्यांच्या हिशेबाने बापाने पोटच्या पोराला गुलाम करून पाचाची बेरीज पुरी केली.

शिवाय माणशी जमीन मिळण्याचे हे हक्क चलनासारखे हातोहात फिरत. आणणारा एक, त्याच्याकडून हक्काचा कागद विकत घेणारा दुसरा, जमीन घेणारा तिसरा. यादीत नाव आहे म्हणजे तो माणूस त्या मळ्यावर राबत होता, एवढंसुद्धा त्यावरून सिद्ध होत नाही. जाता जाता सांगतो: १६३५ सालच्या अशाच एका यादीत, जॉर्ज मेनिफी या इंग्रजाच्या दाव्यात, ‘टोनी, ईस्ट इंडियन’ असं एक नाव आहे. म्हणजे आपल्या बाजूच्या मुलखातून तिथे पोचलेला कुणीतरी. त्याच्या नावावरही कुणाला तरी ५० एकर मिळाले असणार.

जॉन्सनच्या जॉन या मुलाने १६५२ मध्ये अकरा माणसांवर ५५० एकर घेतले, रिचर्डने १६५४ मध्ये १०० एकर. घरात मिळून ९०० एकर. कुटुंब खाऊनपिऊन सुखी होतं, यात वाद नाही.

“कोर्टात जाऊन कॅसरला गुलाम केलं”

आता मूळ खटला. इथे जॉन्सनला सोवळा ठरवायचा माझा इरादा नाही, कारण तो सोवळा नव्हता.

१६५३ च्या अखेरीस कॅप्टन सॅम्युअल गोल्डस्मिथ जॉन्सनच्या मळ्यावर आला असता कॅसरने त्याच्यापुढे गाऱ्हाणं मांडलं. आपण सात-आठ वर्षांच्या करारावर व्हर्जिनियात आलो, जॉन्सनने मुदतीपेक्षा सात वर्षं जास्त राबवून घेतलं, असं त्याचं म्हणणं. जॉन्सन म्हणाला, करारबिरार मी कधी पाहिला नाही, हा माझ्याकडे आजन्म आहे. तेव्हा शेजारी रॉबर्ट आणि जॉर्ज पार्कर हे भाऊ मध्ये पडले. खाडीपलीकडच्या एका मळेवाल्याकडे याचा करार होता हे आम्हाला ठाऊक आहे, असं ते म्हणाले. वर दमही भरला: सोडलं नाहीस तर हा कोर्टातून तुझ्या बहुतेक गाई वसूल करील.

जॉन्सन घाबरला. बायको, दोन मुलगे आणि जावई यांनी समजूत घातली, सोडून द्या म्हणून. त्याने सोडलं, वर सुटणाऱ्या नोकराला द्यायचा मका आणि कातडं द्यायचंही कबूल केलं. कॅसर सुटला आणि थेट रॉबर्ट पार्करकडे कामाला लागला. पार्करांचा कळवळा किती निर्मळ होता ते इथे समजतं. तंबाखूच्या मुलखात माणसाचा हात सोन्याच्या मोलाचा, आणि शेजाऱ्याचा हात फुकटात आपल्या शेतावर आला होता.

जॉन्सनला ते सलत राहिलं. त्याने पार्करवर दावा लावला आणि ८ मार्च १६५५ रोजी कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला: पार्करने नोकर बेकायदा अडकवून ठेवला आहे, कॅसरने मूळ मालकाकडे परत जावं, सगळा खर्च पार्करने द्यावा. (काही ठिकाणी साल १६५४ दिसेल. तेव्हा इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला बदलायचं, म्हणून हा घोळ.) कॅसर परत गेला आणि पुढे मालकाच्या कुटुंबाबरोबर मेरिलँडलाही गेला. तिथे अँथनीची विधवा मेरी हिच्या संमतीने त्याने स्वतःच्या जनावरांची खूण नोंदवली, म्हणजे त्याच्याकडे चार गुरं होती. तरी मोकळा नव्हताच.

म्हणजे एका आफ्रिकी मळेवाल्याने दुसऱ्या आफ्रिकी माणसाला आजन्म अडकवून ठेवलं आणि कोर्टाने मान डोलावली. हे घडलं, ते कुणी नाकारू नये. उलट्या बाजूचे काही उत्साही लोक ‘जॉन्सनची सगळी गोष्टच बनावट आहे’ असं लिहितात, तेही चूकच.

पण खटला कुणात होता ते नीट बघा. जॉन्सन विरुद्ध पार्कर. कोर्टापुढे प्रश्न होता तो या हातांवर हक्क कुणाचा हा. आफ्रिकी माणूस आजन्म चाकर असू शकतो हे कोर्टाला पटवून द्यावं लागलं नाही. न्यायाधीशांच्या बाकावर बसलेल्या इंग्रज मळेवाल्यांना ती गोष्ट नवी नव्हती. जोवानचं विक्रीखत त्याच काउंटीच्या वहीत तीन वर्षांपासून पडून होतं.

“या निकालाने गुलामगिरी कायदेशीर झाली”

काउंटी कोर्टाच्या एका निकालाने वसाहतीचा कायदा बनत नसे. पुरावा म्हणून पुढचंच वर्ष बघा. एलिझाबेथ की नावाची स्त्री, आई आफ्रिकी, बाप इंग्रज, हिने आपल्याला गुलाम मानणाऱ्यांविरुद्ध नॉर्थंबरलँड काउंटीत दावा लावला. प्रकरण वर गेलं, खाली आलं, वसाहतीच्या विधिमंडळापर्यंत पोचलं, आणि १६५६ साली ती सुटली. इंग्रजी रिवाजात मूल बापाचा दर्जा घेतं, बाप स्वतंत्र इंग्रज, शिवाय ही बाप्तिस्मा झालेली ख्रिस्ती, हे तिच्या बाजूचे मुद्दे. कॅसरच्या निकालाने सगळं कायम केलं असतं तर हा दावा उभाच राहिला नसता.

खरी दारं नंतर बंद झाली, एकामागून एक, आणि ती बंद करणारे विधिमंडळातले गोरे मळेवाले होते. १६६२ मध्ये कायदा आला की मूल आईचा दर्जा घेईल. एलिझाबेथ की ज्या वाटेने सुटली ती वाट बुजली, आणि मालकाला आपल्याच दासीपासून झालेली मुलंही मालमत्ता म्हणून राखता आली. १६६७ मध्ये ठरलं, बाप्तिस्मा घेतला म्हणून कुणी सुटणार नाही. १६६९ मध्ये शिक्षा करताना गुलाम मेला तर मालकावर गुन्हा नाही. १६७० मध्ये स्वतंत्र आफ्रिकी किंवा मूळ रहिवासी माणसाला ख्रिस्ती नोकर विकत घ्यायला बंदी, आपल्या जातीचे घेतले तर चालतील. १६९१ मध्ये गुलामाला मोकळं करणाऱ्याने त्याला सहा महिन्यांत वसाहतीबाहेर पोचवायचं. १७०५ मध्ये या सगळ्याची एक जाडजूड संहिताच झाली. यातल्या एकाही कायद्यावर जॉन्सन घराण्यातल्या कुणाची सही नाही. असणार कशी? मेरी आणि तिच्या मुलींवर तर १६४३ पासूनच डोईपट्टी होती, जी गोऱ्या बायकांवर नव्हती.

“म्हणजे काळ्यांनीच सुरू केली”

मजकूर १६५५ ला सुरू होतो आणि तिथेच संपतो. त्या घराची गोष्ट मात्र आधीही होती आणि पुढेही गेली.

२२ मार्च १६२२ ला पॉवहटन या मूळ रहिवासी लोकांनी व्हर्जिनियाच्या वस्त्यांवर एकाच दिवशी हल्ला केला, ३४७ वसाहतवाले मारले गेले. बेनेट यांच्या मळ्यावर ५७ जण होते, त्यातले ५२ गेले. वाचलेल्या पाचांत अँटोनियो होता. त्याच वर्षी ‘मार्गारेट अँड जॉन’ जहाजाने मेरी तिथे आली. १६२५ च्या शिरगणतीत दोघांची नावं आहेत. अख्ख्या व्हर्जिनियात तेव्हा आफ्रिकी माणसं २३ नोंदलेली. त्यांचा संसार चाळीस वर्षांहून जास्त टिकला, चार मुलं झाली. माणसं तिशी-चाळिशीत पटापट मरत त्या दलदलीच्या मुलखात हे गोऱ्यांनाही सहसा जमत नसे.

१६५३ साली आगीत त्यांचं मोठं नुकसान झालं. कोर्टाने त्यांची मेहनत आणि तीस वर्षांची वस्ती ध्यानात घेऊन मेरी आणि दोन्ही मुलींना हयातभर करातून सूट दिली. वर सांगितलेली डोईपट्टी ती हीच. तेव्हा शेजारी अजून शेजारी होते.

मग वारं फिरलं. १६६५ च्या सुमारास कुटुंब मेरिलँडच्या सॉमरसेट भागात गेलं आणि ‘टोनीज व्हिनयार्ड’ नावाची ३०० एकरांची जमीन त्यांनी भाडेपट्ट्याने घेतली. इकडे १६६७ मध्ये एडमंड स्कारबरो या बड्या मळेवाल्याने व्हर्जिनियाच्या कोर्टात एक पत्र आणलं. त्यात जॉन्सनने म्हणे १,३४४ पौंड तंबाखूचं देणं कबूल केलं होतं. जॉन्सनला लिहिता येत नव्हतं. तरी तंबाखू स्कारबरोला मिळाली.

१६७० मध्ये अँथनी वारला. त्याच ऑगस्टमध्ये व्हर्जिनियातल्या ज्युरीने त्याच्या तिथल्या जमिनीबद्दल ठरवलं: तो नीग्रो होता, सबब परका होता, म्हणून जमीन राजाकडे जमा. वसाहतीत जवळजवळ पन्नास वर्षं काढलेला, जमिनीची सनद असलेला, ज्याच्या बाजूने त्याच काउंटीच्या कोर्टाने पंधरा वर्षांपूर्वी निकाल दिला होता, तो माणूस मेल्यावर परका ठरला. ज्या वर्षी हे झालं त्याच वर्षी नोकर विकत घ्यायच्या बंदीचा तो कायदाही आला.

१६७७ मध्ये नातवाने, धाकट्या जॉन जॉन्सनने, मेरिलँडमध्ये ४४ एकर घेतले आणि जमिनीचं नाव ठेवलं ‘अंगोला’. आजोबाची २५०, बापाची ५५०, याची ४४. अठराव्या शतकाच्या सुरुवातीनंतर हे घर नोंदींतून दिसेनासं होतं.

गुलामगिरी ज्यांनी ‘सुरू केली’ त्यांच्या घरचा हा तीन पिढ्यांचा ताळेबंद. कायदे करणाऱ्या गोऱ्या मळेवाल्यांच्या घरांत तेव्हा नेमकं उलट घडत होतं.

“हे तुम्हाला शाळेत शिकवणार नाहीत”

आपल्या शाळेत १७ व्या शतकातल्या व्हर्जिनियाचे जमिनीचे दावे शिकवत नाहीत, हे खरं. त्याला लपवणं म्हणत नाहीत. अमेरिकी इतिहासकार जॉन्सनबद्दल कित्येक दशकं लिहीत आले आहेत. १९८० साली दोन प्राध्यापकांनी याच किनाऱ्यावरच्या स्वतंत्र आफ्रिकी कुटुंबांवर अख्खं पुस्तक काढलं, आणि वरचा बराच तपशील कॉलेजच्या पोरांना माहीत असतो तो त्यामुळे. नॉर्थॅम्प्टन काउंटीच्या कोर्टाच्या वह्या १६३२ पासून सलग टिकून आहेत, इंग्रजी अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या. त्या ईस्टव्हिलला आहेत. कॅसरचा निकाल त्याच वह्यांत आहे, आणि त्याआधी जोवानही आहे. मजकूर लिहिणाऱ्याने एक पान उचललं आणि बाकीची मिटून ठेवली.